होमरचा अनुवाद निवडताना

ग्रीक न जाणणाऱ्या वाचकाला होमर अनुवादकाच्या हातूनच मिळतो, त्यामुळे ‘इलियड’ वाचायचे ठरवणे म्हणजे आधी अनुवादक निवडणे होय. प्रस्तुत लेखिकेने या महाकाव्याचे निरनिराळे इंग्रजी अनुवाद शेजारी शेजारी ठेवून वाचले, आणि त्या वाचनातून तिची अशी खात्री झाली की ‘मुळाशी प्रामाणिक’ हे एकच माप निवडीला पुरत नाही. मुळातील कोणती गोष्ट अनुवादकाने राखली आणि तिच्यासाठी कोणती सोडली, हे आधी पाहावे लागते.

होमरचे वृत्त मराठी छंदःशास्त्राच्या परिभाषेत सहज सांगता येते. ओळीत सहा गण असतात, मूळ गण गुरू-लघु-लघु, म्हणजे आपला भगण असतो, दोन लघूंच्या जागी एक गुरू चालतो आणि अखेरचा गण दोन अक्षरांचा असतो. इंग्रजी पद्य मात्र अक्षरांच्या मात्रांवर नव्हे, तर आघातांवर चालते, त्यामुळे ही चाल तेथे जशीच्या तशी उतरत नाही आणि प्रत्येकाला आपली वाट शोधावी लागते. अलेक्झांडर पोपने (१७१५–१७२०) यमकबद्ध द्विपदी, ई. व्ही. रियूने (१९५०) गद्य, रिचमंड लॅटिमोरने (१९५१) सहा आघातांची सैल ओळ, तर एमिली विल्सनने (२०२३) पाच आघातांचे निर्यमक पद्य स्वीकारले.

या निवडींचा परिणाम सहाव्या सर्गातील एका प्रसंगात स्पष्ट दिसतो. रणांगणावर परतण्यापूर्वी ट्रॉयचा वीर हेक्टर मुलाला घ्यायला हात पुढे करतो, शिरस्त्राणावरचा घोड्याच्या केसांचा तुरा पाहून मूल रडत दाईला बिलगते, आईवडील हसतात, आणि हेक्टर ते चकाकणारे शिरस्त्राण काढून जमिनीवर ठेवतो व मुलाचा मुका घेतो. होमर हे सारे दहाएक ओळींत उरकतो. पोप शिरस्त्राणाची दहशत अलंकारिक शब्दांनी वाढवतो, त्यामुळे प्रसंग भारदस्त होतो, पण त्यातले घरगुतीपण झाकले जाते. रियूचे गद्य कादंबरीच्या वेगाने पुढे सरकते. लॅटिमोर वीराचे विशेषण आणि शिरस्त्राणाची चमक, दोन्ही जागच्या जागी ठेवतो, म्हणून त्या क्षणीही महाकाव्याची गती ऐकू येते.

विशेषणांचा हा मुद्दा लेखिकेला निर्णायक वाटला. ग्रीक वीर अकिलीज सभेत उभा राहून बोलत असतानाही होमर त्याला ‘चपळ पायांचा’ म्हणतो. अशी ठरीव विशेषणे वृत्तातील ठरावीक जागा भरतात आणि ती पिढ्यान्‌पिढ्यांच्या मौखिक गायनपरंपरेतून आलेली आहेत, हे मिल्मन पॅरी या अमेरिकन अभ्यासकाने १९२८ पासूनच्या संशोधनात दाखवून दिले. इंग्रजी वाचकाला ही पुनरुक्ती कंटाळवाणी होईल म्हणून काही अनुवादक ती कमी करतात. विल्सनने ‘ओडिसी’च्या अनुवादात (२०१७) एकाच विशेषणासाठी प्रसंगानुसार वेगवेगळे शब्द योजले, आणि आजच्या वाचकाला जागे ठेवण्याचा तो विचारपूर्वक केलेला उपाय आहे. तथापि धनुष्य टाकून बसलेल्या अर्जुनाला गीता ‘महाबाहो’ म्हणते, तेव्हा मराठी श्रोता अडखळत नाही. ज्या अडचणीसाठी ही काटछाट होते, ती अडचण त्याला मुळातच नाही. उलट पुनरुक्ती गेली की त्याच्या ओळखीचा महाकाव्याचा नाद हरवतो.

म्हणून मराठी वाचकाने पहिल्या वाचनासाठी लॅटिमोर घ्यावा. केवळ कथेचा ओघ हवा असल्यास रियू, आजच्या बोलीजवळची भाषा हवी असल्यास विल्सन घ्यावी, आणि पोप इंग्रजी काव्याचा एक स्वतंत्र ग्रंथ म्हणून मागाहून वाचावा. पुस्तक विकत घेण्यापूर्वी सहाव्या सर्गातील हा उतारा मोठ्याने वाचून पाहावा, कारण हे काव्य मुळात ऐकण्यासाठी रचले गेले आहे.