त्वेरच्या खिडकींतील बरणी

सन २०१९ च्या जून महिन्यापासून आम्ही सपत्नीक रशियांतील त्वेर या गांवीं पांच आठवडे राहून आलों. देशाटनाची हौस हें त्याचें कारण नव्हतें. आमच्या वडील बंधूंची कन्या त्या गांवीं वैद्यकाच्या तिसऱ्या वर्षांत शिकत होती व एका वृद्ध रशियन बाईंच्या घरीं खोली घेऊन राहत होती. एके दिवशीं दूरध्वनीवर ती सहज बोलून गेली कीं, "बाबुश्का मला रोज चहाच्या बुरशीचें आंबवलेलें पाणी देतात, मला तें फार आवडतें." बुरशी आणि आंबवलेलें हे दोन शब्द एका वाक्यांत आल्याबरोबर दादांच्या मनांत मद्याचा संशय शिरला. खोली ताबडतोब बदलावी, तें न जमल्यास शिक्षण सोडून परत यावें, इथपर्यंत गोष्ट गेली. पोरीनेंही हट्ट धरला कीं, अपराध नसतां घर सोडणार नाहीं. शेवटीं आम्हीं समक्ष जाऊन पाहावें व निर्णय कळवावा, असें ठरलें. जन्मभर मुलांना संस्कृत शिकवल्यामुळें पेयापेयविचाराचा अधिकार घरांत आमच्याकडे चालत आला आहे. तो त्या दिवशीं प्रथमच जड वाटला.

मॉस्कोहून आगगाडीनें वायव्येस सुमारें पावणेदोनशें किलोमीटर गेलें म्हणजे त्वेर लागतें. व्होल्गा नदी येथें अजून बाल्यांत आहे; तरी तिचें पात्र आपल्या पंचगंगेला लाजवील इतकें रुंद आहे. त्वेर्त्सा आणि त्माका या दोन नद्या येथें तिला मिळतात. १९३१ ते १९९० पर्यंत या गांवाला कालीनिन म्हणत; पुढें जुनें नांव परत आलें. उन्हाळ्यांत रात्रीं साडेनवापर्यंत सूर्य मावळत नाहीं, त्यामुळें सायंसंध्या केव्हां करावी हा प्रश्न आम्हांस रोज पडे.

व्होल्गेच्या कांठीं १९५५ सालीं उभारलेला अफनासी निकितिन याचा पुतळा आहे. हा त्वेरचा व्यापारी पंधराव्या शतकांत समुद्रमार्गें आपल्या चौल बंदरीं उतरला, पावसाळ्यांत जुन्नरास राहिला, तेथें विक्रीला आणलेला त्याचा घोडा तेथील खानानें हिरावून घेतला, आणि मग तो बेदरास गेला. परतीच्या वाटेवर, आपलें गांव दृष्टीस पडण्यापूर्वींच, तो वारला. त्याच्या प्रवासवृत्तांत आपल्याकडील लोक नारळापासून मद्य करतात अशी नोंद आहे. आम्ही त्या पुतळ्यापाशीं उभे राहिलों तेव्हां मनांत आलें कीं, हा गृहस्थ आमच्या देशीं येऊन आमचीं पेयें लिहून गेला, आणि आतां आम्ही त्याच्या गांवीं तेंच काम करण्यास आलों आहों. त्याला निदान कोणी निकाल विचारला नव्हता!

बाबुश्कांचें घर एका जुन्या इमारतींत तिसऱ्या मजल्यावर होतें. बाबुश्का म्हणजे आजी. आमची पुतणी त्यांना याच नांवानें हांक मारी. स्वयंपाकघराच्या खिडकींत, कोवळ्या उन्हापासून जरा आडोशाला, तीन लिटरची कांचेची बरणी ठेवलेली होती. तोंडावर विरळ विणीचें पांढरें कापड रबराच्या कड्यानें घट्ट बसवलेलें. आंत फिकट तांबूस पाणी, आणि त्यावर तरंगणारें बोटभर जाडीचें एक पांढुरकें, बुळबुळीत चकतें; त्याच्या खालून तपकिरी तंतू लोंबत होते. खरें सांगावयाचें तर प्रथमदर्शनीं आम्हांस किळस आली. सौभाग्यवतींनीं पदर नाकाला लावला. बाबुश्का मात्र त्या बरणीकडे, आपल्याकडील बायका तुळशीकडे पाहतात तशा पाहत होत्या.

त्याला रशियन भाषेंत 'चायनी ग्रिब' म्हणतात. त्यांतला 'चाय' तो आपलाच चहा. 'ग्रिब' म्हणजे अळिंब. १९१३ सालीं लिंडाउ नामक जर्मन शास्त्रज्ञानें त्याला 'मेडुसोमायसिस' हें लॅटिन नांव दिलें, तें समुद्रांतील जेलीफिशच्या आकृतीवरून. आज जगभर त्याला 'कोंबुचा' म्हणतात. परंतु जपानी भाषेंत कोंबुचा म्हणजे समुद्रशेवाळाचा काढा. या पेयाला जपानी लोक 'कोचा किनोको' म्हणतात. अशा रीतीनें हें पेय चुकीचें नांव धारण करून जगभर फिरत आहे. त्याचा उगम चीनच्या ईशान्य भागांत झाला असें मानतात, आणि तेथून तें विसाव्या शतकाच्या प्रारंभीं रशियांत घरोघर पसरलें. सोव्हिएत काळांत स्वयंपाकघरांच्या खिडक्यांत ही बरणी सर्रास असे. दुकानांत तिची पाळमुळें विकत आणीत नसत. शेजारणीकडून एक पापुद्रा मागून आणावयाचा, आणि आपला वाढला म्हणजे दुसरीला द्यावयाचा, अशी रीत होती.

आम्हीं बाबुश्कांची कृति दोन आठवडे जवळ बसून पाहिली. एक लिटर पाणी उकळून त्यांत दोन चमचे काळा चहा व सुमारें ऐंशीं ग्रॅम साखर घालावयाची. चहा गाळून पूर्ण थंड होऊं द्यावयाचा. ऊन चहांत तो जीव मरतो. मग त्यांत मागील खेपेचें आंबट पाणी एक दशांश इतकें ओतून वर तें चकतें सोडावयाचें. सात ते दहा दिवसांत पाणी आंबटगोड होतें व जिभेला किंचित् चुरचुरतें. दोनचार आठवड्यांनीं चकतें थंड पाण्यानें धुवून त्याचा खालचा जुना थर काढून टाकतात. भांडें कांचेचेंच हवें. झिलई दिलेल्या मातीच्या बरणींत ही आंबट वस्तु ठेवल्यास झिलईंतील शिसें पाण्यांत उतरण्याचा संभव असतो.

आतां मुख्य मुद्दा, ज्यासाठीं आम्ही गेलों होतों. ही खरोखर अळिंबाची जात नव्हेच. त्या चकत्यांत दोन निराळ्या जातींचे सूक्ष्म जीव एकत्र नांदतात. पहिले यीस्ट, ज्यांना आपले पूर्वज किण्व म्हणत. ते साखर खाऊन मद्यार्क व वायु निर्माण करतात. दुसरे जंतु हवेंतील प्राणवायूच्या साह्यानें त्या मद्यार्काचें आम्ल करतात, आणि कापसाचें जें मूळ द्रव्य सेल्युलोज, त्याचाच तो पापुद्रा विणतात. म्हणजे एक मद्य करतो आणि दुसरा तें मोडतो. बरणीच्या तोंडावर कापड आहे तोंवर हवा आंत जाते व दुसऱ्याचें काम चालतें. त्याच पाण्याला बाटलींत घालून बूच मारलें कीं, दुसऱ्याचा प्राणवायु तुटतो. पहिल्याचें काम चालूच राहतें, मद्यार्क वाढतो, वायु कोंडतो, आणि कधींकधीं बाटली फुटते. सगळा प्रश्न कापडाचा आणि बुचाचा आहे.

त्या रात्रीं आम्हीं दादांना सविस्तर पत्र लिहिलें. धर्मशास्त्राचा आधार दोन्ही बाजूंनीं दिला. मनूनें आंबलेले पदार्थ सामान्यतः वर्ज्य सांगितले. पण त्यांतून दहीं, दह्यापासून झालेलें सर्व, व शुभ फुलें, मुळें, फळें यांपासून आंबवलेले पदार्थ वगळले. आयुर्वेदांत तर कांजी औषधांत योजिली आहे. उलट, तोच मनु सुरेचे तीन प्रकार सांगतो, त्यांत गुळापासून होणारी गौडी आहे. साखरेचें हें पाणी तिच्या फार दूरच्या कुळांतलें नाहीं, हेंही आम्हीं लपवलें नाहीं. घरगुती बरणींत मद्यार्काचा अंश थोडा कां होईना राहतोच. अमेरिकेंत कायद्यानें अर्ध्या टक्क्याच्या वर मद्यार्क असलेलें पेय मद्य ठरतें, आणि २०१० सालीं तेथील कांहीं मोठ्या दुकानांनीं याच कारणास्तव या पेयाच्या बाटल्या फळ्यांवरून काढल्या होत्या. म्हणून ज्याचें व्रत निरपवाद आहे त्यानें हें घेऊं नये. आम्हीं स्वतः एक पेलाभर घेऊन पाहिलें, तें व्रत नसल्यामुळें. चव विचाराल तर सफरचंदाच्या सिरक्यांत साखर घातल्यासारखी. सरतेशेवटीं लिहिलें कीं, मुलगी कोणत्याही दुर्व्यसनांत नाहीं, घर सज्जनाचें आहे, तें सोडवूं नये.

हें पत्र धाडून आम्ही निश्चिंत झालों. परंतु खरी चिंता बरणीच्या दुसऱ्या बाजूला होती, आणि ती आमच्या पुतणीला आमच्या आधीं दिसली होती. बाबुश्कांना रक्तदाबाचा विकार होता. डॉक्टरांनीं रोज एक गोळी सांगितली होती. त्यांची मात्र अशी दृढ श्रद्धा कीं, हें पाणी रक्त शुद्ध करतें, दाब उतरवतें आणि सांधे मोकळे करतें. त्यामुळें पाणी चुकत नसे, गोळी चुके. एके संध्याकाळीं त्या चुलीपाशीं भोवळ येऊन खालीं बसल्या. पुतणीनें दाब मोजला. वरचा आंकडा १९० होता. दादांना ज्या बरणीची भीति वाटत होती तिच्यांत मद्य फारसें नव्हतें. पण तिच्यावरील अतिविश्वासानें एक जीव धोक्यांत आला होता.

या पेयाचे औषधी गुण म्हणून जें सांगितलें जातें, त्याला आधार फार तोकडा आहे. २०२३ सालीं अमेरिकेंतून एक प्रयोग प्रसिद्ध झाला; त्यांत मधुमेही माणसें अवघीं बारा. त्यांची उपाशीपोटींची साखर उतरली खरी, पण बारा जणांवरून वैद्यक ठरत नाहीं. उलट १९९५ सालीं अमेरिकेच्या आयोवा प्रांतांत हें पेय पिणाऱ्या दोन स्त्रिया गंभीर आजारी पडल्या व एक दगावली. पेयाशीं संबंध सिद्ध झाला नाहीं, तरी तेव्हांपासून गर्भिणी, दुर्बल प्रकृतीचे व रोगप्रतिकारशक्ति क्षीण झालेले यांनीं घरगुती पेयापासून दूर राहावें, असें डॉक्टर सांगतात. पापुद्र्यावर हिरवी वा काळी केसाळ बुरशी दिसल्यास सगळें फेंकून द्यावें, हें तर बाबुश्काही सांगत.

पुतणीनें वाद घातला नाहीं. बाबुश्कांच्या डॉक्टरांना विचारून घेतलें आणि दुसऱ्या दिवशीं गोळ्यांची डबी बरणीच्या शेजारीं नेऊन ठेवली. रोज सकाळीं आधीं गोळी, मग अर्धा पेला पाणी, असा नियम तिनें लावला. गोळी घेतल्याखेरीज ती बरणीचें कापड सोडूं देईना. बाबुश्का प्रथम रुसल्या, मग हंसल्या, मग त्यांना तो खेळच झाला. पंधरा दिवसांत दाब १४० वर आला. श्रेय त्यांनीं अर्थातच बरणीला दिलें. पुतणी म्हणाली, "काका, श्रेय कोणालाही देऊं द्या, गोळी पोटांत गेली म्हणजे झालें." आमच्या सबंध पत्रांत इतकें शहाणपण नव्हतें.

निघण्याच्या आदल्या दिवशीं बाबुश्कांनीं एक पापुद्रा लहान बाटलींत घालून सौभाग्यवतींच्या हातीं ठेवला. घरीं दादा, विमानांत पातळ वस्तूंची अडचण, काय करावें? सौभाग्यवतींनीं तो हातीं घेतला, कपाळाला लावला आणि पुतणीच्या स्वाधीन केला. मग आपल्या पिशवींतून एक कापडाचा तुकडा काढला. दह्यांत भिजवून उन्हांत वाळवलेलें तें विरजण, परदेशीं दहीं मिळेल न मिळेल म्हणून घरून नेलेलें. तें कोमट दुधांत घालून त्यांनीं वाटी बाबुश्कांच्या खिडकींत, बरणीशेजारीं झांकून ठेवली. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. पण ज्या बायका शेजारणीकडून विरजण मागून आणतात, त्यांना ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाहीं. सकाळीं दहीं लागलें होतें, किंचित् सैल.

दादांचें उत्तर आम्ही घरीं पोंचल्यावर तोंडी मिळालें. ते म्हणाले, "शास्त्रार्थ मान्य आहे. खोली बदलावयास नको. मात्र हा प्रयोग आपल्या घरांत नको." आम्हांसही तें योग्य वाटलें. आमच्या घरांत त्या बरणीवांचून कांहीं अडलेलें नाहीं.

पुतणी २०२२ सालीं पदवी घेऊन परतली. जातांना तिनें बाबुश्कांच्या गोळ्यांचा नियम त्या खोलींत नव्यानें आलेल्या विद्यार्थिनीकडे सोंपवला होता. विमानतळावरून घरीं येतांना गाडींत दादा बराच वेळ गप्प होते. पोरीनें ती बुरशी आणली कीं काय, हें विचारतील असें आम्हांस वाटलें. त्यांनीं विचारलें तें इतकेंच:

"त्या बाई गोळी घेतात ना गं रोज?"