वॉकी-टॉकी आणि आम्ही



यंदा पेसाहला घरी आलेल्या पाहुण्यांनी आमच्या स्वयंपाकघरात फ्रिजवर तीन वॉकी-टॉकी ओळीनं उभे पाहिले आणि विचारलं, "काय वहिनी, पोलिसात भरती झालात की काय?" सगळे हसले. पण निघताना दोघातिघांनी हळूच बाजूला घेऊन चौकशी केली, की हे कुठं मिळतं, महाग पडतं का, या वयात जमेल का. म्हणून हे लिहायला बसलो. मुलांनीही वाचावं, कारण यातलं निम्मं आम्हाला नातीनं शिकवलं आहे.

सुरुवात झाली सँडी वादळात. २९ ऑक्टोबर २०१२, सोमवारची रात्र. आम्ही न्यू जर्सीच्या उत्तर भागात डोंगराच्या पायथ्याशी राहतो. तेव्हा आम्ही अजून हॉस्पिटलात नर्स होतो, रिटायर व्हायला वर्ष बाकी होतं. त्या रात्री ड्यूटीवर गेलो ते दोन दिवस घरी परत येता आलं नाही. रस्त्यात झाडं आडवी, वीज नाही, फोन लागेना. वादळाच्या पट्ट्यातले साधारण चारातले एक मोबाइल टॉवर बंद पडले होते, असं मागाहून सरकारनंच सांगितलं. हॉस्पिटलला जनरेटर होता, आमच्या घराला नव्हता. हात पेशंटच्या सलाइनवर आणि डोकं घरी, की आमचे हे एकटे अंधारात काय करत असतील.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक अनोळखी तरुण वॉर्डाच्या दाराशी आला. हातात चिठ्ठी. म्हणाला, "तुमचे मिस्टर ठीक आहेत. काडीनं गॅस पेटवून चहा करतात. आणि डाळीचा डबा कुठं ठेवला ते विचारलंय." आम्ही रडावं की हसावं, काही कळेना. हा निरोप आला कसा? समोरच्या शेजाऱ्याकडे रेडिओ होता. त्यानं डोंगरावरच्या घरातल्या माणसाला सांगितलं, त्यानं पलीकडच्या बाजूला हॉस्पिटलजवळ राहणाऱ्या या मुलाला. तीन माणसं, दोन रेडिओ-हाका आणि एक चिठ्ठी. डबा दुसऱ्या फळीवर आहे, हे उत्तरही त्याच वाटेनं परत गेलं.

त्या आठवड्यात पेट्रोलचं रेशनिंग झालं होतं. गाडीच्या नंबराचा शेवटचा आकडा सम असेल तर सम तारखेला, विषम असेल तर विषम तारखेला. त्या रांगेत उभे असतानाच आम्ही ठरवलं, की असा एक जोड आपल्याकडे पाहिजे.

पहिला जोड घेतला तो साधा, बॅटरीच्या सेलवर चालणारा. खोक्यावर लिहिलं होतं, ३५ मैल. वाचकहो, त्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. एका डोंगराच्या शिखरावरून दुसऱ्या शिखरावर, मध्ये काही नसताना, कदाचित. आमच्या गल्लीत घरं आणि झाडं यांतून आवाज मैलभर गेला तर नशीब. मुलगी डोंगराच्या पलीकडच्या गावात, मोटारीनं वीस मिनिटांवर. तिच्याशी एक शब्द बोलता आला नाही. या रेडिओच्या लहरी सरळ जातात, डोंगराला वळसा घालत नाहीत.

मग रिपीटर कळला. मुलांनो, रिपीटर म्हणजे काय ते चाळीतलं उदाहरण देऊन सांगतो. आमच्या ह्यांचं आणि धाकट्या भावजींचं लहानपण भायखळ्याच्या चाळीत गेलं. रस्त्याच्या कोपऱ्यावर खेळणाऱ्या पोरांना तिसऱ्या मजल्यावरच्या आईची हाक पोचत नसे. पण दुसऱ्या मजल्यावर, गॅलरीच्या टोकाला एक आजी बसलेली असायची. तिला आईची हाकही ऐकू यायची आणि कोपराही दिसायचा. ती हाक उचलून खणखणीत आवाजात पुढं फेकायची. रिपीटर म्हणजे ती गॅलरीतली आजी. फरक एवढाच, की आजी आधी ऐकायची आणि मग ओरडायची. रिपीटर ऐकता ऐकता बोलतो. म्हणून त्याचा कान एका फ्रीक्वेन्सीवर ठेवतात आणि तोंड दुसऱ्या. अमेरिकेत जीएमआरएस नावाची सेवा आहे, तिच्यात कान ४६७ मेगाहर्ट्झच्या घरात आणि तोंड बरोबर ५ मेगाहर्ट्झ खाली, ४६२ च्या घरात. दोन्ही एकाच जागी ठेवले तर तो स्वतःचाच आवाज ऐकत ओरडत बसेल.

आमच्या डोंगरावरचा रिपीटर एका रिटायर इलेक्ट्रिशियनचा आहे. त्याला विचारून, परवानगी घेऊनच वापरायचा. त्यानं आम्हाला एक गोष्ट पहिल्याच दिवशी सांगितली, की रेडिओत ताकदीपेक्षा उंची मोठी. हातातल्या ५ वॉटच्या सेटवरून आम्ही बोललो, तो आवाज डोंगरमाथ्यावरच्या ॲन्टेनानं उचलला आणि मुलीच्या स्वयंपाकघरात उतरवला. ती भाकरी भाजत होती, दचकली.

लायसन्सबद्दल सगळे विचारतात. २०२२ सालापासून त्याचं सरकारी शुल्क ३५ डॉलर आहे आणि ते १० वर्षं चालतं. परीक्षा नाही, फक्त वय १८ पूर्ण पाहिजे. आणि एका लायसन्सवर कुटुंबातले सगळे बोलू शकतात. कुटुंब म्हणजे कोण, तर नवरा-बायको, मुलं, नातवंडं, आईवडील, आजीआजोबा, भाऊबहिणी, काका-मामा, आत्या-मावशी, भाचे-पुतणे आणि सासरची मंडळी! अमेरिकन सरकारला कुटुंबाचा अर्थ एवढा नीट समजला आहे, असं आम्ही इथल्या पन्नास वर्षांत दुसऱ्या कुठल्या फॉर्मवर पाहिलं नाही.

वापर म्हणाल तर अगदी घरगुती. हे बागेत, आम्ही स्वयंपाकघरात. "जेवण तयार आहे, ओव्हर." दुकानात दोघं दोन बाजूंना गेलो की एकमेकांना शोधत फिरायला नको. हे कोपऱ्यापर्यंत फिरायला जातात तेव्हा सेट पट्ट्याला. हवामानखात्याच्या बातम्या याच सेटवर लागतात, वादळाच्या दिवसांत त्याचा फार उपयोग. बोलायची रीत मात्र शिकावी लागते. बटण दाबायचं, मनात एक मोजायचं, मग बोलायचं, नाहीतर पहिला शब्द कापला जातो. आधी ज्याला हाक मारायची त्याचं नाव, मग आपलं. महत्त्वाचं असेल तर ऐकणाऱ्यानं तेच परत म्हणून दाखवायचं. हे आम्हाला नवीन नव्हतं. डॉक्टरनं फोनवरून औषध सांगितलं की नर्स ते लिहून परत वाचून दाखवते, १५ की ५० हा गोंधळ होऊ नये म्हणून. आणि सेट महिनोन्‌महिने पडून राहणार असेल तर सेल बाहेर काढून ठेवा. आमचा एक सेट सेल गळून वाया गेला.

एक धोका सांगून ठेवतो. रिपीटर उघडायला सेट एक बारीक सूर पाठवतो, तो आपल्याला ऐकू येत नाही. खोक्यावर त्याला ‘प्रायव्हसी कोड’ म्हणतात. त्यात प्रायव्हसी काही नाही. तो सूर बंद ठेवला की कुणालाही तुमचं सगळं ऐकू येतं. किल्ली कुठं ठेवली हे हवेवर बोलू नये.

आता लिंकची गोष्ट. आमच्या मनात खरी सल तीच आहे.

२०२२ मध्ये आमच्या डोंगरावरचा रिपीटर इंटरनेटनं दुसऱ्या रिपीटरांना जोडलेला होता. म्हणजे भायखळ्याच्या आजीच्या गॅलरीत टेलिफोन आला आणि तिनं ऐकलेली हाक परळ, पनवेल, पेण इथल्या आज्याही त्याच क्षणी ओरडू लागल्या, असं समजा. धाकटे भावजी न्यूयॉर्क राज्यात आल्बनीच्या बाजूला राहतात. त्यांच्याजवळचा रिपीटरही त्याच साखळीत होता. रोज संध्याकाळी साडेसातला दोघं भाऊ बोलू लागले. शुक्रवारी संध्याकाळी दिवे लावले की सेट बंद, तो शनिवारी रात्री सुरू. हे नेहमी एकच प्रश्न विचारून सुरुवात करायचे, "पाऊस आहे का रे तिकडं? ओव्हर." मग भायखळा, आईच्या हातचं बिरडं, अलिबागला जायचा लाँचचा प्रवास.

तोपर्यंत ह्यांच्या विस्मरणाचं निदान झालं होतं. मोबाइल त्यांना झेपत नाही. पडद्यावर बोट कुठं ठेवायचं ते विसरतात, व्हिडिओवर भावाचा चेहरा दिसला की फोन उलटा करून मागं बघतात. रेडिओला एकच बटण. एका वेळी एकानंच बोलायचं, वाक्य छोटं, मग थांबायचं. घाई कुणालाच नाही. नर्स म्हणून आम्ही असे पुष्कळ पेशंट पाहिले. बोलण्यात पाळी ठरलेली असली की ते शांत राहतात. हे आम्ही कुठल्या पुस्तकातून सांगत नाही, डोळ्यांनी पाहिलेलं सांगतो.

एकदा गंमत झाली. कुणीतरी मध्येच येऊन दरडावलं, की सांकेतिक भाषेत बोलायला मनाई आहे! सांकेतिक म्हणजे आपली मराठी. रिपीटरचे मालक स्वतः हवेवर आले आणि म्हणाले, ही त्यांची मातृभाषा आहे, कुठल्याही भाषेत बोलता येतं, फक्त कॉल साइन इंग्रजीत सांगायची. भावजींनी लगेच आमची कॉल साइन इंग्रजीत खणखणीत म्हटली आणि पुढं बिरड्यावर आले.

पण दुसरी एक संध्याकाळ विसरता येत नाही. दोघं भाऊ रंगात आलेले. मध्येच खरखर, कुणीतरी तुटक बोलतंय. आम्ही ह्यांच्या हातावर हात ठेवला, बटण सोडायला लावलं. पलीकडच्या रस्त्यावर एकाच्या गाडीवर झाडाची फांदी पडली होती आणि तो आपल्या बायकोला हाक मारत होता. त्याला लागलं नव्हतं. पण किती वेळ तो आमच्या बोलण्याखाली दबून गेला होता? भायखळ्याची आठवण आल्बनीला जात होती आणि अर्ध्या मैलावरच्या माणसाला जागा नव्हती. जीएमआरएसमध्ये रिपीटरसाठी सगळ्या देशात मिळून आठच चॅनल आहेत. साखळीत एक माणूस बोलला की तितक्या सगळ्या डोंगरांवरचा चॅनल अडतो.

२०२४ साली एफसीसी, म्हणजे इथल्या सरकारी संचार आयोगानं स्पष्ट केलं, की जीएमआरएसचे रिपीटर इंटरनेटनं किंवा दुसऱ्या जाळ्यानं असे जोडता येत नाहीत. आमच्या मालकांनी त्याच आठवड्यात लिंक काढली. नियम आम्हाला पटला. त्या फांदीखालच्या माणसामुळे पटला. पण ह्यांना कोण समजावणार? साडेसात वाजले की सेट घेऊन खुर्चीत बसायचे. बटण दाबायचे, "पाऊस आहे का रे तिकडं? ओव्हर." आणि ऐकत राहायचे. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मग म्हणायचे, "बाहेर गेला असेल." असं आम्ही तीन आठवडे पाहिलं.

शेवटी नातच म्हणाली, "आजी, हॅम रेडिओत लिंक चालते." हॅम म्हणजे हौशी रेडिओ, तिथं रिपीटर जोडायला परवानगी आहे. पण लायसन्सला परीक्षा द्यावी लागते. पहिल्या पायरीला ३५ प्रश्न, २६ बरोबर यायला हवेत. मोर्स कोड २००७ पासून लागत नाही. वयाची अट नाही, ना खालून ना वरून. प्रश्नांचा संग्रह आधीच उघड असतो, चारशेहून जास्त प्रश्न.

आम्ही पंचाहत्तरीला टेकलेले, नात बारा वर्षांची. हिवाळाभर जेवणाच्या टेबलावर अभ्यास केला. ओहमचा नियम आम्ही माझगावच्या सर एली कदूरी शाळेत शिकलो होतो, तो तसाच निघाला. तो मराठीत पाठ होता, त्याचं इंग्रजी करायला वेळ लागला. परीक्षेला खोलीत आम्हीच सगळ्यांत मोठे आणि नात सगळ्यांत लहान. तिला ३३ मिळाले, आम्हाला २९. ती अजून बोलून दाखवते. भावजी पहिल्या वेळी २४ वर अडकले, दुसऱ्या वेळी पास झाले. आम्हाला त्यांना "अभ्यास करा" म्हणायची संधी आयुष्यात पहिल्यांदा मिळाली.

ह्यांच्याजवळ हॅमचं लायसन्स नाही, पण लायसन्सवाला माणूस शेजारी बसून सेट सांभाळत असेल तर दुसऱ्याला बोलू देता येतं. म्हणून आता साडेसातला आम्ही शेजारी बसतो. दर दहा मिनिटांनी आणि शेवटी आमची कॉल साइन सांगायचं काम आमचं. आता मध्ये मध्ये मुद्दाम बटण सोडून थांबतो, कुणाला जवळच्या जवळ बोलायचं असलं तर येऊ द्यावं म्हणून. डोंगरापलीकडच्या मुलीशी बोलायला जुनाच सेट, जुनाच रिपीटर.

ब्रिटनमधल्या आपल्या मंडळींसाठी एक सूचना. तुमच्याकडे पीएमआर ४४६ नावाचे अर्ध्या वॉटचे सेट बिनलायसन्सचे मिळतात. रिपीटर त्यांत नाही, पण घर-बागेला पुरतात. इथले सेट तिकडे किंवा इस्रायलला, भारताला भेट म्हणून नेऊ नका. देशोदेशीचे नियम वेगळे आहेत.

परवा भावजींचा आवाज आला तेव्हा ह्यांनी आमच्याकडे वळून विचारलं, "हा कोण बोलतोय?" आम्ही म्हटलं, "तुमचा धाकटा भाऊ." त्यांनी मान हलवली. बटण दाबलं, एक मोजलं आणि म्हणाले, "पाऊस आहे का रे तिकडं? ओव्हर."