लांबली की जास्त

चिंचोळी एमआयडीसीच्या फाट्यावर पंक्चर निघेपर्यंत थांबणं भाग होतं. दुकानदाराची पोर, असेल पाचेक वर्षांची, नटांच्या दोन रांगा लावत बसलेली. सहा वर, सहा खाली. दोन्ही सारख्या. मग तिनेच खालची रांग ऐसपैस केली आणि ठामपणे जाहीर केलं, “आता हे जास्ती झाले!”

ती चुकली, असं म्हणवेना. त्या वयात डोळ्यांना लांबी दिसते, संख्या नाही. मानसशास्त्रज्ञ झां पियाजे आणि अलिना शेमिन्स्का यांनी १९४१च्या पुस्तकात हेच मांडलं. सहा-सात वर्षांच्या आसपास मूल म्हणू लागतं, रांग पसरली तरी नट तेवढेच.

पण वयाची रेघ इतकी पक्की नसते. १९७४मध्ये स्कॉटलंडमधल्या मॅकगॅरिगल आणि डोनाल्डसन या मानसशास्त्रज्ञांनी रांगांचा तोच प्रयोग जरा खट्याळपणे केला: रांग मोठ्या माणसाने नव्हे, एका खोडकर टेडीने विसकटली. बरोबर उत्तरं देणारी मुलं कितीतरी वाढली! म्हणजे काही वेळा मुलं गणिताला नव्हे, विचारणाऱ्याच्या चेहऱ्याला उत्तर देतात. शाळेतही हेच होत असेल का?

वहीपेक्षा हातातल्या वस्तूंवर भर देणारी वाट आपल्याकडेही आहे. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५मध्ये बोर्डीला, पुढे कोसबाडला बालवाड्या चालवल्या. महागडी साधनं परवडणारी नव्हती. खडे, बिया, शिंपले कामी आले.

तेव्हा पाच वर्षांच्या मुलाकडून वहीत शंभरपर्यंत आकडे गिरवून घेण्याआधी त्याच्यासमोर दहा चिंचोके ठेवा, आणि थोडा वेळ गप्प बसा.