वडिलांसह दोन दिवसांचें पुणें

प्रवासाचा बेत आंखणें म्हणजे केवळ स्थळांची यादी करणें नव्हे. बरोबर कोण आहे, हें अगोदर पाहावें लागतें. ज्ञानेश्वरमाउलींची पालखी दर आषाढीस पुण्यावरून येऊन आमच्या नातेपुत्यास मुक्काम करिते. वारकरी ज्या शहरांतून येतात तें एकदां डोळे भरून पाहावें, ही माझ्या वृद्ध वडिलांची इच्छा. म्हणून आम्हीं दोघांनीं मिळून बेत ठरविला.

पहिल्या दिवशीं, ऊन चढण्यापूर्वीं, शनिवारवाडा. १७३२ सालीं वास्तुशांत झालेल्या ह्या वाड्याच्या आंतील इमारती १८२८ च्या आगींत जळाल्या. दिल्ली दरवाजा, तट व जोतीं उरलीं. दुपारीं विश्रांति. दुसऱ्या दिवशीं आगाखान राजवाडा. तेथें १९४४ सालीं बंदिवासांत कस्तुरबांनीं देह ठेविला. त्यांची व महादेवभाई देसाई यांची समाधि तेथेंच आहे.

प्रश्न उरला तो पर्वतीचा. पायऱ्या शंभरांवर, आणि वडिलांचे गुडघे दुखरे. पर्वती गाळावी, असें मी सुचविणार तोंच ते म्हणाले, "तूं वर जा. मी पायथ्याशीं बसतों. वरून काय दिसलें तें मला नीट सांग."

शिंगणापुरच्या यात्रेंत मला गर्दींत कांहीं दिसत नसे, तेव्हां हेच मला खांद्यावर घेत. आतां त्यांच्याकरितां पाहण्याची पाळी माझी आहे.

बालमित्रांनो, वडीलधाऱ्यांसह जातांना दोन स्थळें कमी झालीं तरी चालतील. पण जें पाहाल तें दोघांचे डोळे होऊन पाहा.