कमानीखालचा एफ मायनर

कमानिया गेट ही विजयाची कमान, असं आम्हा जबलपूरकरांना लहानपणापासून सांगितलं जातं. 1939 च्या त्रिपुरी काँग्रेसची ती आठवण. सुभाषबाबू पट्टाभी सीतारामय्यांना सुमारे 200 मतांनी हरवून पुन्हा अध्यक्ष झाले होते. पण मार्चमध्ये अधिवेशन भरलं तेव्हा ते तापाने फणफणलेले. 52 हत्तींच्या मिरवणुकीत त्यांच्या जागी त्यांची तसबीर होती. एप्रिल संपायच्या आत त्यांनी राजीनामाही दिला.

आमच्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात या कमानीवर गाणं करायचं ठरलं. शब्द उत्साहाचे होते, म्हणून चाल मी बिलावलच्या स्वरांत, पांढरी एकमध्ये बांधली. गिटारवर सी, एफ, जी, या तीनच मेजर कॉर्ड. गाणं खणखणीत उतरलं, पण माझं समाधान होईना. त्या कमानीखालून जाताना मला मिरवणुकीबरोबर तो आजारी माणूसही आठवतो, आणि तो या गाण्यात कुठेच नव्हता. सगळी चालच मायनरमध्ये नेली असती तर शोकगीत झालं असतं. तेही खरं नव्हतं. माणूस जिंकला होता.

मग चालीचा एकही स्वर न हलवता मी फक्त खालच्या कॉर्ड बदलत गेलो. सा-ग-प मधला सा आणि ग तसेच ठेवून पंचमाच्या जागी धैवत घेतला की धैवतावरची मायनर होते, आपल्या पट्टीत ए मायनर. गळ्यात गंधार तोच, पण त्याच्याखालची जमीन बदलते. भूपाचे स्वर धैवताला सा मानून गायले की धानी ऐकू येतो, तसंच काहीसं हे. रे-म-ध आणि ग-प-नी याही मायनरच, आणि या तिन्ही बिलावलच्या घरातल्या. बाहेरचा एकही स्वर लागत नाही. म्हणूनच 1961 च्या ‘स्टँड बाय मी’सारख्या गाण्यात ही धैवताची मायनर पहिल्या कॉर्डनंतर लगेच येते आणि तरी गाणं मेजरच राहतं.

तसबिरीचा उल्लेख येतो त्या ओळीला मात्र एवढ्याने भागेना. तिथे चाल षड्जावर थांबते. खाली एफ मेजर होता, म-ध-सा. तो सोडायच्या आधी धैवत कोमल करून एफ मायनर घेतला आणि मग सी. वर सा स्थिर, आत शुद्ध धैवत, कोमल धैवत, पंचम अशी उतरण. बीटल्सच्या ‘इन माय लाइफ’मध्ये ही उतरण आहे. आपल्याकडे चित्रपटसंगीतात अशा कॉर्डची जाण मुरवली ती सेबॅस्टियन डिसोझांसारख्या गोव्याच्या ॲरेंजर मंडळींनी. त्यांचं ऋण आपण पुरेसं मानलेलं नाही, असं मला मनापासून वाटतं.

तालमीत पेटीवर बसणारे काका थबकले. त्यांच्या बोटाखाली शुद्ध धैवत, माझ्याकडे कोमल. दोन्ही एकमेकांना चांगलेच घासले.

“अरे, हा कोमल धैवत कुठून आणलास?”

“एवढ्या एकाच जागी आहे, काका. परत वाजवू?”

दुसऱ्यांदा त्यांनी पेटीवर नुसता षड्ज धरला आणि डोळे मिटून ऐकलं. “हा तर नटभैरवाचा धैवत. बाकी सगळे शुद्ध. राहू दे.”

त्यांचं म्हणणं नेमकं होतं. आणि त्यांचा उपायही मी ठेवला: त्या ओळीला पेटी फक्त सा धरते, तबला ठेका हलका करतो, गाणाऱ्या काकू काहीही न बदलता गातात.

चाली बांधणाऱ्यांना एवढंच सांगेन. धैवताची, रिषभाची, गंधाराची मायनर कॉर्ड मोकळेपणाने वापरा, ती घरचीच माणसं आहेत. मध्यमाची मायनर मात्र गाण्यात एकदाच घ्या, जिथे शब्दांना तिची गरज आहे तिथेच, आणि पेटीवाल्याला आधी सांगून ठेवा.