टाकीतले शेजारी

घरात काचेची टाकी ठेवून मासे पाळण्याची हौस तुमच्यापैकी पुष्कळांना असेल. गप्पी, गोल्डफिश, एंजल असे मासे तुम्ही पाळलेही असतील. पण हे सारे गोड्या पाण्यातले मासे. समुद्रात, प्रवाळांच्या खडकांत राहणारे रंगीत मासे घरी पाळायचे म्हटले की गोष्ट निराळी होते. त्यातून आपण सांगली-साताऱ्याची माणसे! आपली कृष्णा महाबळेश्वरला उगम पावते. तिथून अरबी समुद्र सरळ रेषेत जेमतेम पासष्ट किलोमीटर आहे. पण ती त्याच्याकडे पाठ फिरवते आणि सुमारे १४०० किलोमीटर चालत जाऊन बंगालच्या उपसागराला मिळते. तेव्हा हे मासे पाळायचे तर आपल्याला समुद्राचे पाणीसुद्धा घरीच तयार करावे लागते.

प्रवाळ म्हणजे काय, हे आधी सांगतो. तुम्ही उर्दूत ज्याला मूंगा किंवा मर्जान म्हणता, तेच मराठीत पोवळे किंवा प्रवाळ. दिसायला ते दगड किंवा झाडाची फांदी वाटते. पण ते असंख्य बारीक प्राण्यांनी मिळून बांधलेले चुन्याचे घर असते. आपल्या महाराष्ट्रात मालवणला, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या पाण्यात प्रवाळ आहेत. तिथल्या समुद्राचा काही भाग १९८७ मध्ये सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. प्रवाळांच्या या घरांत फटी असतात, कोनाडे असतात, बिळे असतात. एकेका फटीवर एकेका माशाचा हक्क असतो. हा हक्काचा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे तो फार उपयोगी पडणार आहे.

आमच्या शेजारी राहणारा एक मुलगा उर्दू शाळेत नववीत शिकतो. त्याचे मामू बदली होऊन परगावी गेले, तेव्हा आपली तीन फुटी टाकी त्याला देऊन गेले. मी गेली काही वर्षे समुद्री मासे पाळतो, हे त्याला ठाऊक होते. एके दिवशी तो वहीचे पान घेऊन आला आणि म्हणाला, “चाचा, ईदीचे पैसे साठवले आहेत. हे पाच मासे घ्यायचे आहेत. बरोबर आहेत ना?”

पानावर पाच नावे होती : क्लाउनफिश, ब्लू टँग, लायनफिश, मँडरिन आणि समुद्रघोडा. प्रत्येक नावापुढे त्याने रंगीत पेन्सिलीने चित्रही काढले होते. यादी डोळ्यांना फार सुंदर होती. पण टाकीत ती आठवडाभरही टिकली नसती.

मी त्याला लायनफिशपासून सांगायला सुरुवात केली. हा मासा पंख पसरून राजासारखा संथ फिरतो. त्याच्या काट्यांत विष असते, पण इतर माशांना खरी भीती असते ती त्याच्या तोंडाची. तोंडात मावेल तो मासा तो गिळतो. मासे निवडताना पहिला प्रश्न हाच विचारावा : याच्या तोंडात दुसरा मावतो का? मावत असेल, तर ते शेजारी नव्हेत. एक जेवणारा आणि दुसरा जेवण.

ब्लू टँग दुकानात असतो तेव्हा दोन बोटांएवढा असतो. पूर्ण वाढला की सुमारे तीस सेंटिमीटर होतो. आमची टाकी नव्वद सेंटिमीटर लांब. समुद्रात दिवसभर हिंडणाऱ्या माशाने तीन अंगे पुढे जायचे आणि भिंतीला नाक लावून वळायचे, असे जगणे त्याच्या नशिबी येईल. मासा आज केवढा आहे हे दुकानदार दाखवतो. उद्या केवढा होईल हे आपणच विचारावे लागते.

मँडरिनची गोष्ट मला सर्वांत वाईट वाटते. निळ्या-नारिंगी नक्षीचा हा मासा कोणाशीही भांडत नाही. पण त्याला डब्यातले खाद्य चालत नाही. खडकांवर आपोआप वाढणारे अगदी बारीक जिवंत जीव तो दिवसभर टिपत असतो. नव्या टाकीत असे जीव जवळजवळ नसतातच. मग भोवती इतर मासे पोटभर खात असतात आणि हा हळूहळू वाळत जातो. भांडण दिसते, उपासमार दिसत नाही. म्हणून माणसाला वाटते, सगळे ठीक चालले आहे.

समुद्रघोडा खायला फार सावकाश. चपळ मासे त्याच्या तोंडचा घास पळवतात. पण मुख्य गोष्ट वेगळीच आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ या कायद्याने २००१ पासून त्याला संरक्षण दिले आहे. खडक बांधणाऱ्या प्रवाळांनाही त्याच वर्षी हे संरक्षण मिळाले. ते समुद्रातून काढणे आणि विकणे गुन्हा आहे. म्हणून कोणी समुद्रातला जिवंत प्रवाळ गुपचूप दाखवला तरी घेऊ नये. टाकीत भाजलेल्या मातीचे कृत्रिम खडक रचले तरी माशांचे काम भागते. त्यांना फट हवी असते. ती कोणी बांधली, याची चौकशी ते करत नाहीत.

पाचांतली चार नावे गेली. मुलाचा चेहरा उतरला. “मग राहिले काय?” तो म्हणाला.

मग मी त्याला कोनराड लोरेन्झ यांच्याविषयी सांगितले. हे ऑस्ट्रियाचे प्राणिशास्त्रज्ञ. त्यांना १९७३ मध्ये दोन सहकाऱ्यांबरोबर नोबेल पारितोषिक मिळाले. प्राण्यांच्या भांडणांविषयीचे त्यांचे पुस्तक १९६३ मध्ये निघाले. त्यात प्रवाळांतल्या माशांचे निरीक्षण आहे. लोरेन्झ यांना असे दिसले की भडक रंगाचा मासा परक्या जातीच्या माशाकडे सहसा लक्ष देत नाही. पण आपल्याच जातीचा, आपल्याच रंगाचा मासा दिसला की त्वेषाने धावून जातो. असे का? कारण आपल्यासारखा जो असतो, त्याला आपलेच अन्न हवे असते आणि आपलीच फट हवी असते. ज्याला वेगळे काही हवे असते, त्याच्याशी भांडायला कारणच उरत नाही.

आपण साधारणपणे उलटे समजतो. सारखे दिसणारे मासे एकत्र सुखाने राहतील, असे वाटते. टाकीत तसे घडत नाही. म्हणून मी मुलाला पानावर टाकीचे चित्र काढायला लावले आणि तिचे तीन भाग केले : तळची वाळू, मधले खडक आणि वरचे मोकळे पाणी. म्हटले, “बेटा, आता प्रत्येक मजल्यावर भाडेकरू शोधू.”

वाळूसाठी आम्ही गोबी निवडला. हा बिळाच्या तोंडाशी बसून राहतो. समुद्रात काही जातींचे गोबी एका कोळंबीबरोबर एकाच बिळात राहतात. त्या कोळंबीची नजर मंद असते. ती दिवसभर बीळ उकरते आणि गोबी दारात पहारा करतो. कोळंबीची मिशी गोबीच्या अंगाला टेकलेली असते. धोका दिसला की गोबी शेपटी हलवतो आणि दोघे आत. एकाकडे डोळे, दुसरीकडे हात. भाडे कोणी कोणाला द्यायचे हा प्रश्नच नाही!

मधल्या भागासाठी फायरफिश. पुढून पांढरा, मागून लाल, डोक्यावर तुरा. स्वभावाने अतिशय भित्रा. भ्याला की खडकात शिरतो नाहीतर पाण्याबाहेर उडी मारतो. म्हणून टाकीवर जाळीचे झाकण लागते.

आणि वर क्लाउनफिशची जोडी. एकाच जातीचे दोन चालतात कसे, असे तुम्ही विचाराल. हा नियमाला अपवाद आहे, आणि त्याचे कारण मौजेचे आहे. या जातीची पिल्ले पुढे आधी नर होतात. दोन एकत्र ठेवली की त्यांतला मोठा मासा मादी बनतो आणि धाकटा तिचे वर्चस्व मान्य करतो. मात्र दोघे आकाराने लहान-मोठे हवेत. सारख्या आकाराचे मोठे मासे आणले, तर मोठेपणा कोणाचा यावरून लढाई जुंपते. समुद्रात ते समुद्रफुलाच्या विषारी बाहूंत लपून राहतात. घरच्या टाकीत त्यावाचून त्यांचे अडत नाही.

क्लाउनफिश निवडण्याचे आणखी एक कारण होते. प्रवाळातले बरेचसे मासे समुद्रातून पकडून आणलेले असतात. फिलिपिन्स, इंडोनेशिया या देशांत सायनाइड हे विष फवारून, माशांना गुंगी आणून पकडण्याची वाईट पद्धत अनेक वर्षे चालत आली. त्यात प्रवाळ मरतात आणि पकडलेला मासाही पुष्कळदा घरी आल्यावर मरतो. क्लाउनफिशची मात्र टाकीतच पैदास करता येते. आपल्या देशात केंद्रीय सागरी मात्स्यिकी संशोधन संस्थेने ते तंत्र तयार केले आहे. म्हणून दुकानात किंमत विचारण्याआधी ‘हा पकडलेला की पैदास केलेला?’ असे विचारावे.

आम्ही दुकानात गेलो तेव्हा दुकानदार म्हणाला, “हा निळा डॅमसेल घ्या. स्वस्त आहे, मरत नाही.” दोन्ही गोष्टी खऱ्या. पण डॅमसेल हा क्लाउनफिशच्याच कुळातला, म्हणजे जवळचा भाऊबंद. आणि भाऊबंदकी कशी असते हे सांगली-साताऱ्याच्या माणसाला सांगायला नको. तो आधी टाकीत गेला, तर सगळे खडक आपल्या नावावर करून घेतो. आम्ही तो घेतला नाही. त्या दिवशी आम्ही कोणताच मासा घेतला नाही. फक्त मीठ घेतले.

हे मीठ स्वयंपाकाचे नव्हे. समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम असे कितीतरी क्षार असतात. ते या मिठात योग्य प्रमाणात मिसळलेले असतात. लिटरला सुमारे ३५ ग्रॅम मीठ लागते. तीन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच टाकीत सुमारे १९० लिटर पाणी मावते. म्हणजे साडेसहा किलोंहून जास्त मीठ झाले. नळाच्या पाण्यातील क्लोरीन माशांना घातक, म्हणून गाळलेले आर.ओ. पाणी घेतले. मग वाट पाहायची. माशांच्या मलमूत्रातून अमोनिया तयार होतो. त्या विषाचे रूपांतर करणारे जीवाणू खडकांवर वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. तितके दिवस मुलाच्या घरी नुसते खारे पाणी फिरत होते. त्याची दादी रोज विचारी, “मछली कहाँ है?” हे आठवडे ज्याला काढता येत नाहीत, त्याने समुद्री मासे पाळू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

उन्हाळ्याचाही विचार करावा लागतो. या माशांना पंचवीस-सव्वीस अंश तापमान मानवते. सांगलीत एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीजवळ जातो. पाण्यावर पंखा लावला की तापमान थोडे उतरते, पण पाणी उडून जाते आणि मीठ मागे राहते. म्हणून भर घालायची ती साध्या आर.ओ. पाण्याची, खाऱ्या पाण्याची नव्हे. साताऱ्याला माझ्या धाकट्या भावाकडे अशीच टाकी आहे. सातारा सांगलीहून उंचावर. तिथे हिवाळ्याच्या रात्री त्याला हीटर लावावा लागतो.

“तीन फुटी टाकीत चारच मासे?” असे मुलाने विचारले, तेव्हा मी त्याला पुराची आठवण दिली. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी ५७ फुटांवर गेले होते. धोक्याची पातळी ४५ फूट. तेव्हा शहराच्या अनेक भागांत कित्येक दिवस वीज नव्हती. पंप थांबला की पाण्यातला प्राणवायू कमी होऊ लागतो. दहा मासे असतील तर तो लवकर संपतो. चार असतील तर बॅटरीवरचा छोटा पंप लावून वेळ निभावता येते.

शेवटी मासे आले. तेही एकदम नाही. सर्वांत भित्रा तो पहिला, या क्रमाने : आधी फायरफिश, पंधरा-वीस दिवसांनी गोबी आणि अखेरीस क्लाउनफिशची जोडी. जो आधी येतो, तो जागा धरतो. म्हणून दांडग्याला उशिरा बोलवायचे. तरीही जोडीतला मोठा क्लाउनफिश दोन दिवस फायरफिशच्या मागे लागला होता. मुलगा घाबरून धावत आला. आम्ही दोन खडकांची जागा बदलली. त्यामुळे सगळ्यांनाच घर नवे झाले आणि कोणाचा जुना हक्क उरला नाही. खाद्यही टाकीच्या दोन टोकांना टाकू लागलो. तिसऱ्या दिवशी फायरफिश तुरा उभारून फटीबाहेर तरंगत होता.

आता पाचव्या माशाचे बोलणे चालू आहे. मुलाला ब्लेनी हवा आहे. तो काचेवरचे आणि खडकांवरचे शेवाळ खरवडून खातो. ते काम टाकीत दुसरे कोणी करत नाही, म्हणजे जागा रिकामी आहे. पण शेवाळ आता कुठे धरू लागले आहे. एका माशाचे पोट भरेल इतके ते वाढले का, हे तो रोज शाळेतून आल्यावर बॅटरी लावून पाहतो.