ज्यांना ताई नाही

प्रिय ताई,

फोनवर तू मला बोलू देत नाहीस. 'तूच ये ना पुण्याला' म्हणतेस आणि विषय मिटतो. म्हणून कागदावर लिहितेय, मध्येच तोडता येणार नाही असं. या वेळी तू नेवाशाला यायचंस, आणि माहेरपणाला नाही, कामाला.

मागे एका शाळेच्या स्नेहसंमेलनाला तू पुणे विद्यापीठातली प्राध्यापक म्हणून पाहुणी होतीस, आठवतं? बोललीस छान. शाल-श्रीफळ झालं, फोटो झाले, आणि अंधार पडायच्या आत नगर गाठायचं म्हणून तू निघालीस. गाडी फाट्याकडे वळल्यावर बारावीची एक मुलगी माझ्याजवळ आली. म्हणाली, "मॅडम, त्या विद्यापीठात आपल्याला आत जाऊ देतात का?" तिला प्रवेशाबद्दल विचारायचं नव्हतं गं. फाटकातून नुसतं आत जाऊन बघू देतात का, एवढंच विचारायचं होतं. तू आणखी अर्धा तास थांबली असतीस तर तिनं ते तुलाच विचारलं असतं. मला तुझा राग आला होता, आजही थोडा आहे.

कारण तू विसरलीयस, असं मला वाटत राहतं. तू गणेशखिंडीत गेलीस तेव्हा आपल्या घरात विद्यापीठ कुणी पाहिलं होतं? आप्पांना साखर कारखाना माहीत, बाजार समिती माहीत, तहसील माहीत. कर्मवीरांच्या नावाच्या 'कमवा व शिका' योजनेत तू जयकर ग्रंथालयात काम करायचीस आणि त्या पैशातून मेसचं बिल भरायचीस. माझी वेळ आली तेव्हा तुझी ती लांबलचक पत्रं यायची. उत्पन्नाचा दाखला आधी काढ. नॉन-क्रिमीलेअरला वेळ लागतो, उन्हाळ्याची वाट बघू नकोस. जात पडताळणीची पावती जपून ठेव. आप्पांना सांग की वसतिगृहाला रात्री कुलूप असतं आणि वॉर्डन बाई आहेत. ताई, मार्कांनी मला शिकवलं नाही, त्या पत्रांनी शिकवलं. माझ्या वर्गात माझ्याहून हुशार मुली होत्या. त्यांना ताई नव्हती. त्यांतल्या किती पुढे गेल्या, तुला माहीत आहे.

आता तरी काय बदललंय? हातात मोबाईल आला, पण वेळेवर सांगणारं माणूस आलं नाही. 2024च्या जुलैत सरकारनं ठरवलं की आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क, परीक्षा शुल्क पूर्ण माफ. निर्णय चांगलाच आहे. पण ही माफी केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून जाणाऱ्या मुलीला मिळते. त्या प्रक्रियेत शिरायला बहुतेक ठिकाणी सीईटी लागते, आणि सीईटीचा फॉर्म बारावीच्या परीक्षेच्या आधीच, हिवाळ्यात भरावा लागतो. त्या दिवसांत आमच्या मुली काय करत असतात? प्रॅक्टिकलच्या वह्या पुऱ्या करतात, घरी कांद्याला हात लावतात. माफीची बातमी त्यांना निकालानंतर कळते. मग गावातलं कॉलेज, नाहीतर स्थळ.

बीबीए, बीसीएचं तेच. 2024ला त्यांनाही सीईटी लागली आणि राज्यभर इतक्या मुलांना पत्ताच नव्हता की जागा भरेनात म्हणून पुन्हा परीक्षा घ्यावी लागली. चूक मुलांची का गं?

तुमच्या सभांमधून आकडे फिरतात, ते मीही वाचते. 2021-22च्या केंद्राच्या पाहणीत महाराष्ट्राचं उच्च शिक्षणातलं सकल नोंदणी प्रमाण 35.3 टक्के होतं, देशाचं 28.4. नव्या धोरणाला ते 2035पर्यंत 50 करायचंय. नवी कॉलेजं काढून ते होईल, असं मला वाटत नाही. दहावी-बारावीच्या वर्गात बसलेली मुलगी आणि तुमचं फाटक यांच्या मधल्या वाटेवर कुणाचं तरी माणूस उभं पाहिजे. 'स्कूल कनेक्ट' नावानं विद्यापीठं आणि कॉलेजं शाळांत जायला लागली, नवं धोरण समजावून सांगू लागली, हे मला मनापासून आवडलं. पण एका तासाच्या भाषणानं वाट दाखवता येते, चालताना सोबत होत नाही.

एक गोष्ट आठव. आप्पा आपल्याला प्रवरेकाठच्या लाडमोड टेकाडावर घेऊन जायचे. 1954 पासून डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकळियांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथं उत्खनन केलं. पुणं सोडून, हंगामामागून हंगाम. 1960 साली त्यांचा जाडजूड ग्रंथ आला आणि नेवासं जगभरच्या पुरातत्त्वज्ञांना माहीत झालं. ताम्रपाषाण काळातल्या एका लहान मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ सापडली, मण्यांत दोऱ्याचे अवशेष होते. त्या दोऱ्यावरही अभ्यास झाला. तीन हजार वर्षांपूर्वीच्या नेवाशाच्या एका पोरासाठी पुण्याचे विद्वान इथं राहिले, ताई. मग आज माझ्यासमोर बाकावर बसलेल्या पोरांसाठी का राहू नये? मी हे चिडून म्हणत नाही. होऊ शकतं म्हणून म्हणतेय. आपल्याच गावात झालेलं आहे.

आता काम सांगते. तुझ्या विभागानं एक शाळा धरायची. आमचीच असं नाही, तालुक्यातली कुठलीही. धरली की निदान चार वर्षं सोडायची नाही, नववीत भेटलेली मुलं बारावीपर्यंत तुमचीच. तुझ्या एम.ए.च्या मुलांना क्षेत्र प्रकल्पाचे श्रेयांक असतात ना आता? त्यांना इथं पाठव. त्यातही खेड्यातून आलेल्यांना आधी. आमची मुलं प्राध्यापकाला बुजतात, पण पाथर्डीहून एस.टी.नं पुण्याला गेलेल्या पोरीला सगळं विचारतील. मेस कितीला पडते, इंग्रजीतलं लेक्चर कळतं का, घरची आठवण आली तर काय करतेस. इंग्रजीची भीती तर फार मोठी आहे. मराठीत शिकलेल्या मुलाला पहिल्या वर्षाची चार पानं बारावीतच कुणी सोबत बसून वाचून दाखवली, तर तो पहिल्या सहामाहीत परत येणार नाही.

आणि पालकांची बैठक घे. तुला जमते ती, मला नाही. माझ्याकडे ते मास्तरीण म्हणून बघतात, तू त्यांच्यातून तिकडे गेलेली आहेस. उसाच्या पट्ट्यातला बाप मुलीला पुण्याला पाठवताना फीला जितका घाबरतो, त्याहून जास्त अनोळखीपणाला घाबरतो. तुला बघून आप्पांच्या भावकीतल्या किती जणांनी मुली शिकवल्या, मोज एकदा.

तुला सुट्टी मिळत नाही, वर्कलोड आहे, परवानगी लागते, हे सगळं मला ठाऊक आहे. प्राचार्यांचं पत्र मी आणते, तुझ्या विभागप्रमुखांच्या नावानं. तू फक्त तारीख दे. संमेलनाची नको, दिवाळीनंतर शाळा उघडते तेव्हाची दे, फॉर्म सुरू व्हायच्या आधीची. दोन रात्री राहायच्या तयारीनं ये. आईनं शेंगदाण्याची चटणी कुटायचं आत्तापासून मनावर घेतलंय.

आणि हो, फाटकाचं विचारणाऱ्या त्या मुलीला मी तुझा नंबर दिलाय. ती सध्या गावातच बी.एस्सी.ला आहे, एम.एस्सी. तुमच्याकडे करायची म्हणते. फोन येईल. उचल.

तुझी,
छोटी